खाडी, घाट आणि कल्याण

कोकणातल्या नद्या आखूड आणि उतरत्या. पावसाळा सरला की त्यांना पाणी बेताचंच. मग कल्याणसारखं बंदर समुद्रापासून इतकं आत कसं वसलं? उत्तर भरतीत आहे. उल्हास नदीच्या खाडीतून भरतीचं पाणी कल्याणपर्यंत चढतं, आणि त्या पाण्यावर गलबतं थेट सह्याद्रीच्या दिशेनं आत येत. जिथं होडी थांबते तिथं माल उतरतो, गोदामं उभी राहतात, बाजार भरतो.

पुढची वाट नाणेघाटाची. घाटमाथ्यावर सातवाहनकालीन लेणं आहे, त्यात ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. जवळच दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकत, असं सांगतात. माथ्यापलीकडे कुकडीच्या खोऱ्यात जुन्नर, आणि तिथून वाट पैठणकडे. ही साखळी पाहिली की जुन्नरभोवती एवढी लेणी का, हे उमगतं. त्यांतल्या बऱ्याच लेण्यांना व्यापाऱ्यांनी दानं दिली.

पण भूगोल म्हणजे सर्वस्व नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंद आहे, की सत्ता बदलल्यावर कल्याणच्या व्यापारावर निर्बंध आले आणि तिथं आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. खाडी तीच, घाट तोच, तरी धंदा अडला.

पुढे मोठ्या जहाजांना खोल पाणी हवं झालं आणि व्यापार मुंबईकडे सरकला. १८५४मध्ये रेल्वे कल्याणला पोचली. इथूनच रूळ दोन दिशांना फुटले: एक बोरघाटाकडे, एक थळघाटाकडे.