उजेडाची हद्द
२००६ साली महाराष्ट्र भारनियमनाने बेजार झाला असताना पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांनी एक निराळी वाट काढली. या परिसरास सुमारे ९० मेगावॉट वीज कमी पडत होती. आणि जवळजवळ तेवढी निर्मितीक्षमता कारखान्यांच्या आवारांत डिझेल जनित्रांच्या रूपाने पडून होती. टंचाईच्या वेळी कारखान्यांनी ही जनित्रे चालवावीत, त्यामुळे वाचणारी वीज महावितरणने नागरिकांना द्यावी आणि डिझेलचा जादा खर्च ग्राहकांनी सोसावा, अशी ती योजना. उद्योजकांच्या संघटनेने ती पुढे आणली. राज्य वीज नियामक आयोगाने जाहीर सुनावणी घेऊन तिला संमती दिली. महिन्याला ३०० युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्यांना जादा आकारातून वगळले, हे उचितच झाले.

वीज कंपनी, कारखानदार आणि ग्राहक यांना एकत्र बसविणे हे वस्तुतः शासनाचे काम. येथे पुढाकार मंत्रालयाचा नव्हता. म्हणूनच ही व्यवस्था शहरापुरती राहिली. ज्यांच्या शेजारी जनित्रे होती आणि ज्यांच्या खिशात पैसा होता, त्यांच्या घरी दिवे लागले. ग्रामीण भागात दहा-बारा तासांचा अंधार चालूच होता. तेथल्या शेतकऱ्याच्या पंपासाठी अशी सुनावणी मागावयास कोण जाणार होते?