वारलीचं वर्तुळ आणि कॅड
मागच्या वेळी आपण प्लेटोच्या वर्तुळापाशी थांबलो होतो. आज ते लेसर मशीनवर चढवू. मुरबाडला आम्ही फाटकासाठी वारली तारपानृत्य पत्र्यात कापून घेतलं. नाचणाऱ्यांची गोल डोकी चक्क कोनाकोनांची निघाली! दोष मशीनचा नव्हता. एसव्हीजी फाइलमध्ये वक्ररेषा बेझिए सूत्रात असते. डीएक्सएफ करताना आम्ही ‘पॉलिलाइन’ निवडलं, तिचे सरळ तुकडे झाले. ‘स्प्लाइन’ निवडलं तर ती जशीच्या तशी उतरते. डोकी मात्र कॅडमध्ये ‘सर्कल’नेच पुन्हा काढा. कारण बेझिएचं वर्तुळ खरं वर्तुळ नसतंच. चार तुकडे जोडून केलं तरी त्रिज्येच्या सुमारे ०.०२७ टक्के चूक राहते. कापायला ती चालेल हो, पण कॅडला तिथे केंद्र सापडत नाही.