धुक्याच्या वर पिकणारे कॅबर्नेट

उन्हाळ्यातल्या पहाटे सॅन पाब्लो उपसागरावरचे धुके कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात शिरते आणि खोऱ्याचा तळ काठोकाठ भरून टाकते. त्याच वेळी वर हॉवेल माउंटनवरच्या द्राक्षबागांत लख्ख ऊन पडलेले असते. १९८३ मध्ये या डोंगराला स्वतंत्र वाइन प्रदेश म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा त्याची खालची वेस या धुक्याकडे बघूनच आखली गेली : साधारण १४०० फूट.

डोंगर म्हटला की रात्रीचा कडाका आठवतो. इथे उलट घडते. रात्री गार झालेली जड हवा उतारावरून ओघळत खोऱ्यात साचते आणि वरच्या बागा तुलनेने उबदार राहतात. दुपार मात्र खोऱ्यापेक्षा सौम्य असते. पारा ३५ अंशांच्या वर राहिला की द्राक्षाच्या सालीतले रंगद्रव्य नीट तयार होत नाही. सौम्य दुपारी ते टिकते, फळातले आम्लही तग धरते.

खरी करामत जमिनीची. ज्वालामुखीची जमीन म्हटली की आपल्याला दख्खनची पाणी धरून ठेवणारी काळी माती आठवते. हॉवेल माउंटनवर आहे ती दाबून घट्ट झालेली ज्वालामुखीची राख आणि लोहयुक्त तांबडी माती, तीही पातळ थराची. पाणी भरभर निचरून जाते, वेलीची उपासमार होते आणि मणी बारीकच राहतात. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. आणि इथल्या कॅबर्नेट द्राक्षाचा रंग सालीत असतो, तर तुरटपणा साल आणि बियांत. म्हणून ही वाइन जवळजवळ काळी दिसते. तिच्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते आणि जांभळे खाल्ल्यावर जीभ ओढली जावी तसे तोंड कोरडे पडते.

वासाची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. कॅबर्नेट सोव्हिन्यॉ हे कॅबर्नेट फ्राँ आणि सोव्हिन्यॉ ब्लाँ यांचे अपत्य. कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी १९९७ मध्ये डीएनएवरून हे सिद्ध केले. दोन्ही पालकांकडून त्याला पायराझिन हा ढोबळी मिरचीच्या वासाचा रेणू मिळाला आहे. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढा अंशही नाकाला पुरतो. पानांच्या दाट सावलीत वाढलेल्या घडांत तो जास्त असतो, कोवळ्या घडांवर ऊन पडले की कमी होतो. मग ब्लॅककरंटसारखा फळांचा गंध, देवदाराचे लाकूड, नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास असे सगळे पुढे येते.

एवढ्या तुरट वाइनला लोणच्यासारखे मुरावे लागते. वर्षे सरतात तसे टॅनिनचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि धार बोथट होते. याचा दाखला कॅलिफोर्नियातल्याच दुसऱ्या एका डोंगरावरच्या कॅबर्नेटने दिला. सांता क्रूझ डोंगरातल्या रिज या वाइनरीचे १९७१ चे मॉन्टे बेलो राखेवरच्या नव्हे, चुनखडीवरच्या वेलींचे होते. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमधल्या फ्रेंच आणि कॅलिफोर्नियन वाइनच्या गाजलेल्या चाचणीत रेड वाइनमध्ये ते पाचवे आले. बरोबर तीस वर्षांनी, २४ मे २००६ ला, लंडन आणि नापामध्ये एकाच दिवशी त्याच वाइन पुन्हा उघडल्या गेल्या. दोन्हीकडचे गुण एकत्र केले, तेव्हा मॉन्टे बेलो पहिले होते.