चिपच्या पोटात – भाग 9 : परत न आलेले 72 बाइट

गेल्या आठवड्यात आपण वॉचडॉग टायमर पाहिला. प्रोग्रॅम अडकला की यंत्र रीसेट करणारा हा पहारेकरी. त्याचा एक धोका सांगायचा राहिला होता. मेमरी संपून यंत्र गोठलं की वॉचडॉग ते पुन्हा चालू करतो, मेमरी पुन्हा मोकळी होते आणि गळती, म्हणजे घेतलेली मेमरी परत न होणं, कोणाच्या लक्षातच येत नाही.

विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर घ्या. समजा, त्यातल्या मायक्रोकंट्रोलरला रॅम 20 केबी आणि त्यातली 10 केबी हीपसाठी, म्हणजे प्रोग्रॅमने लागेल तशी मागून घ्यायच्या मेमरीसाठी, मोकळी. मेसेज पाठवायला प्रोग्रॅम 64 बाइटचा बफर मागतो. हिशेबाचे 8 बाइट धरून 72 जातात. मोडेमचं ‘ओके’ आलं की फंक्शनच्या शेवटच्या ओळीत बफर परत होतो. पण रेंज नसेल तर फंक्शन मधूनच बाहेर पडतं आणि ती शेवटची ओळ चालतच नाही. असे 142 प्रयत्न फसले की 143व्याला मेमरी नाही. दर दहा मिनिटांनी एक प्रयत्न धरला तर दिवसही पुरता भरत नाही.

टेबलावर, भरपूर रेंजमध्ये, हाच स्टार्टर महिनाभर बिनतक्रार चालेल. म्हणून नुसतं जास्त वेळ चालवून भागत नाही. अँटेना काढा, सिम काढा, मोडेमची वायर मधेच उपटा आणि तसंच शेकडो वेळा करा. माझ्या मते टेस्टिंगचा निम्मा वेळ तरी या बिघडलेल्या वाटांना द्यायलाच हवा. गळती बहुतेक वेळा तिथेच सापडते.

मोजायचं कसं? फ्री-आरटीओएस या मायक्रोकंट्रोलरसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हीपची आत्ताची शिल्लक आणि आजवरची नीचांकी शिल्लक सांगणारी फंक्शनं तयार आहेत. नुसत्या नीचांकावर जाऊ नका. एखाद्या वेळी काम वाढलं म्हणूनही तो खाली जातो. प्रत्येक फेरी संपून यंत्र शांत झालं की शिल्लक नोंदवा. सुरुवातीच्या काही फेऱ्या सोडून द्या, कारण कायमचे बफर तेव्हाच घेतले जातात. त्यानंतरही आकडा पायरीपायरीने उतरत असेल, तर पायरीची उंचीच चोर दाखवते: दर फेरीला 72 घटत असतील तर 64 बाइट कोण मागतं ते शोधायचं. लिनक्स बोर्डावर उघडे सॉकेट आणि फाइलीही अशाच मोजाव्या लागतात.

नासाच्या ‘स्पिरिट’ रोव्हरला याच जातीच्या दुखण्याने गाठलं होतं. 21 जानेवारी 2004, मंगळावरचा अठरावा दिवस. प्रवासापासूनच्या फाइली फ्लॅश मेमरीत साचल्या होत्या. फाइल पुसली तरी डिरेक्टरीतली तिची जागा तशीच राहायची, आणि ती वाढत गेलेली डिरेक्टरी रॅममध्ये उतरवावी लागायची. रॅम पुरेना, म्हणून रीबूट. चालू होताना पुन्हा तीच डिरेक्टरी, पुन्हा रीबूट. असं साठाहून जास्त वेळा झालं. रोव्हर झोपेना, बॅटरी उतरत चालली. शेवटी पृथ्वीवरून फ्लॅश न वापरता चालू होण्याची आज्ञा धाडली, तेव्हा रोव्हर स्थिरावला आणि दुखणं कुठे आहे ते कळलं.

स्पिरिटचे रीबूट निदान लपले नाहीत. आपल्या टेबलावरचा रीसेट मात्र रात्री तीन वाजता होतो आणि सकाळी दिवा हिरवाच दिसतो. बहुतेक मायक्रोकंट्रोलर शेवटचा रीसेट कशाने झाला ते एका रजिस्टरमध्ये ठेवतात. चालू होताक्षणी ते वाचून फ्लॅशमध्ये लिहून ठेवा. 72 तासांच्या टेस्टमध्ये वॉचडॉगचा एक जरी रीसेट दिसला, तरी ती टेस्ट नापास धरा.

पुढच्या भागात: हीपमध्ये भरपूर शिल्लक असूनही मेमरी का नाकारली जाते, ते पाहू.