'मोकाट' म्हणजे नेमके कुठे?

२७ सप्टेंबर २०२४. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीला सहा आठवडेही उरले नव्हते आणि कमला हॅरिस अ‍ॅरिझोनातल्या डग्लस या सीमेलगतच्या गावी निघाल्या होत्या. नेमक्या त्याच दिवशी टेक्ससचे रिपब्लिकन लोकप्रतिनिधी टोनी गोन्झालेस यांनी एक सरकारी पत्र जाहीर केले. पत्र होते स्थलांतर कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या 'आयसीई'चे, म्हणजे सगळे ज्याला 'आइस' म्हणतात त्या खात्याचे. त्यातला एक आकडा असा : मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेले १३,०९९ परदेशी नागरिक 'नॉन-डिटेन्ड' यादीत आहेत. बघता बघता या वाक्याचा प्रचारी अनुवाद तयार झाला. बायडेन-हॅरिस यांनी तेरा हजार खुनी आत घेतले आणि ते गावोगाव मोकाट फिरताहेत.

'नॉन-डिटेन्ड' याचा अर्थ 'आइसच्या कोठडीत नाही' एवढाच होतो. टेक्ससच्या राज्य तुरुंगात जन्मठेप भोगणारा कैदीही याच यादीत असतो, कारण त्याची कोठडी राज्याची आहे, आइसची नाही. शिक्षा संपली की त्याचा ताबा आइसकडे जाईल, तोवर कागदावर तो 'कोठडीबाहेर'. शिवाय ही यादी चार वर्षांची नव्हतीच. गेल्या चाळीस किंवा त्याहून अधिक वर्षांत देशात आलेली माणसे तिच्यात आहेत, असे गृहसुरक्षा खात्याने लगेच स्पष्ट केले. खुलासा मात्र आरोपाइतका लांब पोचला नाही. तो कधीच पोचत नाही.

म्हणून यादीतले सगळेच गजाआड होते, असे म्हणणेही खोटेच ठरेल. शिक्षा भोगून झालेली, हद्दपारीचा हुकूम निघालेली, पण मायदेशच परत घ्यायला तयार नसलेली माणसे असतात. क्यूबाचे उदाहरण जुने आहे. अशांना किती दिवस डांबून ठेवायचे? 'झॅडव्हायडस विरुद्ध डेव्हिस' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले की अनिश्चित काळ ठेवता येणार नाही. नजीकच्या काळात पाठवणी होण्याची शक्यता दिसत नसेल, तर साधारण सहा महिन्यांनंतर सोडावे लागेल. म्हणजे काही गुन्हेगार खरोखर बाहेर आहेत, पण ते कुणा एका पक्षाच्या मेहेरबानीने नव्हे.

या सगळ्या भांडणाच्या मुळाशी एकच गृहीतक आहे : परदेशातून आलेले लोक जास्त गुन्हे करतात. या समजाचे वय शंभरीच्या पुढे आहे आणि त्याची तपासणीही जवळपास तितकीच जुनी आहे. १९३१ मध्ये विकरशॅम आयोगाने परदेशात जन्मलेल्यांच्या गुन्हेगारीवर स्वतंत्र अहवाल दिला. तेव्हा संशयाच्या पिंजऱ्यात इटालियन आणि पोलिश लोक होते. लोकसंख्येच्या प्रमाणात परदेशात जन्मलेले लोक स्थानिकांपेक्षा कमी गुन्हे करतात, हा त्या अहवालाचा निष्कर्ष.

आजच्या काळातला सर्वांत भक्कम पुरावा टेक्ससमधून येतो, आणि यात एक गंमत आहे. स्थलांतराबाबत कडक धोरण असल्यामुळेच टेक्ससचे पोलीस अटक झालेल्या प्रत्येकाचा स्थलांतर-दर्जा केंद्राकडे पडताळतात. इतर राज्यांत अशी नोंद सहसा मिळत नाही. २०१२ ते २०१८ या काळातल्या या नोंदी समाजशास्त्रज्ञ मायकल लाइट आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. बेकायदा राहणाऱ्यांच्या तुलनेत अमेरिकेत जन्मलेल्या नागरिकांना हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक, तर मालमत्तेच्या गुन्ह्यांसाठी चौपटीहून अधिक निघाले. कारण समजायला फार डोके लागत नाही. ज्याला सिग्नल तोडल्याबद्दल पकडले तरी देश सोडावा लागू शकतो, तो गाडीही जपूनच चालवतो.

कमी म्हणजे शून्य नव्हे. इथे डावीकडची मंडळी घसरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉर्जियात सकाळी धावायला गेलेल्या नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीची हत्या झाली. दोषी ठरलेला व्हेनेझुएलाचा तरुण बेकायदा सीमा ओलांडून आलेला होता. तिच्या आईवडिलांना सरासरीचे आकडे सांगून काय उपयोग? तिच्या नावाचा कायदा २९ जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांच्या सहीने झाला, आणि सिनेटमधल्या १२ डेमोक्रॅट सदस्यांनीही त्याच्या बाजूने मत दिले. त्या कायद्यानुसार बेकायदा राहणाऱ्या व्यक्तीवर चोरीचा, अगदी दुकानातून वस्तू उचलल्याचा नुसता आरोप असला तरी तिला कोठडीत ठेवणे बंधनकारक आहे. आरोप सिद्ध होण्याची अट नाही. एका घटनेतून सगळ्या गटाबद्दलचा कायदा कसा जन्मतो, त्याचा हा नमुना.

आता 'सँक्चुअरी सिटी'. नाव देवळातल्या अभयासारखे वाटते, त्यामुळे शहराच्या वेशीत पाऊल टाकले की आइस हात लावू शकत नाही, असा समज दोन्ही बाजूंना आहे. एका बाजूला त्याचा संताप येतो, दुसरीला आधार वाटतो. दोघेही चुकतात. लॉस एंजेलिस, शिकागो, न्यूयॉर्क, कुठेही आइसला स्वतःच्या अधिकारात अटक करता येते आणि ती होतेही. या शहरांनी एवढेच ठरवले आहे की हे काम स्थानिक पोलीस करणार नाहीत. अटक झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून गृहसुरक्षा खात्याला आपोआप कळतात. ते कुठलीही नगरपालिका थांबवू शकत नाही.

खरा वाद उरतो तो 'डिटेनर'चा. सुटकेची वेळ झाली तरी या माणसाला आणखी ४८ तासांपर्यंत ठेवा, आम्ही न्यायला येतो, अशी आइसची तुरुंगाला चिठ्ठी. ही विनंती आहे, हुकूम नाही, असे एका केंद्रीय अपील न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय माणूस डांबला तर नुकसानभरपाई काउंटीच्या खिशातून जाऊ शकते, म्हणून अनेक शेरीफ चिठ्ठी बाजूला ठेवतात. आणि केंद्र राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही, हे तत्त्व ठामपणे मांडले कुणी? उजव्यांचे आवडते न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी, १९९७ मध्ये, बंदूकखरेदीवरच्या कायद्याच्या खटल्यात. बंदुकांसाठी घडवलेली ढाल पुढे स्थलांतरितांच्या कामी आली.

या धोरणाचा उगमही पुरोगामी चळवळीपुरता नाही. लॉस एंजेलिस पोलिसांचा 'विशेष आदेश क्रमांक ४०' निघाला १९७९ मध्ये, डॅरिल गेट्स पोलीसप्रमुख असताना. गेट्स यांना कुणी मवाळ म्हटले नसते. त्यांचा हिशेब पोलिसी होता : साक्षीदार दार उघडेनासा झाला तर खुनाचा तपास कसा करायचा? ह्यूस्टनचे पोलीसप्रमुख आर्ट असेवेडो यांनी २०१७ मध्ये हेच बोलून दाखवले. त्या वर्षीच्या पहिल्या तीन महिन्यांत हिस्पॅनिक समाजातून येणाऱ्या बलात्काराच्या तक्रारी आदल्या वर्षापेक्षा ४२.८ टक्क्यांनी घटल्या होत्या. गुन्हे घटले म्हणून तक्रारी घटल्या, असे त्यांना वाटत नव्हते. डेव्हिड हॉसमन यांच्या २०२० च्या अभ्यासानुसार अशा धोरणांमुळे हद्दपारी सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली, पण हिंसक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची हद्दपारी कमी झाली नाही आणि गुन्हेगारीही वाढली नाही.

उलटा प्रश्न विचारायला हवा : कडक अंमलबजावणीने गुन्हे कमी होतात का? २००८ पासून ठशांची वर सांगितलेली आपोआप पडताळणी करणारी 'सिक्युअर कम्युनिटीज' ही योजना एकेका काउंटीत टप्प्याटप्प्याने लागू झाली. संशोधकांना आयती प्रयोगशाळाच मिळाली. थॉमस माइल्स आणि अ‍ॅडम कॉक्स यांनी योजना आधी आलेल्या आणि नंतर आलेल्या काउंटी ताडून पाहिल्या, तर गुन्ह्यांच्या दरात दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. या वादात दोन्ही पक्षांनी सर्वांत कमी उद्धृत केलेला निष्कर्ष हाच असावा.

ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत घोषणा होती 'सर्वांत वाईट आधी'. जुलै २०२५ च्या कायद्याने आइसला सुमारे ७५ अब्ज डॉलर मिळाले, त्यातले ४५ अब्ज कोठड्यांसाठी. त्या वर्षीच्या सप्टेंबरात आइसच्या कोठडीतल्या सुमारे ७० टक्के लोकांवर एकही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. विरोधकांनी यावरून 'सत्तर टक्के निरपराध' असे फलक धरले. तेही नीट वाचन नव्हे, कारण त्यातल्या काहींवर खटले चालू होते. राहता राहिले ते, ज्यांचा दोष फक्त कागदपत्रांचा. मुळात व्हिसाची मुदत संपल्यावर राहणे हा अमेरिकेत फौजदारी गुन्हाच नाही, ते दिवाणी उल्लंघन आहे. चोरून सीमा ओलांडणे मात्र पहिल्यांदाही गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदेचा. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : कायदेशीर राहणाऱ्या प्रौढ परदेशी व्यक्तीने नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा, हा नियम १९५० च्या दशकापासूनच कायद्यात आहे.

हद्दपारी हा एकाच पक्षाचा उद्योग, हा समजही टिकत नाही. बेकायदा राहणाऱ्या सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा देणाऱ्या १९८६ च्या कायद्यावर सही रिपब्लिकन रेगन यांची. स्थानिक पोलिसांना आइसचे काम करण्याची वाट मोकळी करणारा १९९६ चा कायदा डेमोक्रॅट क्लिंटन यांच्या सहीचा. २००६ च्या सीमाकुंपणाला सिनेटमध्ये ओबामा, बायडेन आणि हिलरी क्लिंटन या तिघांचीही मते होती. ओबामांच्या काळात, २०१२ या आर्थिक वर्षात, आइसने चार लाखांहून अधिक लोकांची पाठवणी केली.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला अमेरिकी लष्कराचे विमान उतरले. त्यात १०४ भारतीय होते, बहुतेक गुजरात, हरियाणा आणि पंजाबचे, तिघे महाराष्ट्राचे. बेड्यांची छायाचित्रे पाहून देशभर संताप उसळला. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत सांगितले की बेड्यांची कार्यपद्धती २०१२ पासूनची आहे, आणि २००९ पासूनची वर्षवार यादी मांडली : २००९ मध्ये ७३४, २०१९ मध्ये २,०४२. लष्करी विमान हाच काय तो नवा भाग होता. अमेरिकेत बेकायदा राहणारे भारतीय एकूण किती, यावर प्यू रिसर्च सेंटरचा अंदाज होता सव्वासात लाखांच्या आसपास. गृहसुरक्षा खात्याचा होता २ लाख २० हजार. दोन्ही अंदाज एकाच वर्षाचे, २०२२ चे.