चतुःशाला, ओवरी, धर्मशाळा : पथिकगृहवाचक शब्दांचा विचार

इंग्रजी कादंबरीचे भाषांतर करणाऱ्या मराठी लेखकास 'इन' हा शब्द नेहमी अडवितो. 'खाणावळ' म्हणावे तर मुक्कामाची कल्पना निसटते. 'सराई' म्हणावे तर डोळ्यांपुढे उंटांचे तांडे उभे राहतात. 'धर्मशाळा' म्हणावे तर पाहुण्याने सकाळी चुकते केलेले बिल विसंगत वाटते. ही अडचण केवळ कोशाची नव्हे. शब्दामागील संस्थाच दोन्ही देशांत निराळी आहे, आणि तो निराळेपणा घराच्या आखणीत व घराच्या नावात सारखाच उमटलेला आहे.

'इन' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ राहते घर एवढाच होता. लंडनमधील वकिलांच्या संस्थांच्या नावांत तो अर्थ आजही टिकून आहे. पुढे पैसे घेऊन वाटसरूस उतरवून घेणारे घर, असा त्याचा संकोच झाला. गाडी आत येईल एवढा दरवाजा, मागे चौक, चौकाच्या कडेने तबेले, खाली शेकोटीची व मद्यपानाची खोली आणि वर निजावयाच्या खोल्या, हा या घराचा सर्वसाधारण घाट होय. दारावर पाटी असे; दुसऱ्या रिचर्ड राजाच्या कारकीर्दीत, 1393 मध्ये, मद्य विकणाऱ्यांस ती सक्तीचीच करण्यात आली. लंडनमधील साउथवर्क येथील 'जॉर्ज' हे घर 1676 च्या आगीनंतर पुन्हा बांधले गेले. चौकावर उघडणारे त्याचे लाकडी सज्जे पाहिले म्हणजे ही रचना चांगली ध्यानात येते. त्याच्याही दोन बाजू 1889 मध्ये रेल्वेने पाडल्या.

चौकाभोवती घर ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तो ख्रिस्ती शकाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतला. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी आपण 'चतुःशाला', 'आवसथ' व 'प्रतिश्रय' दिल्याचे तो त्यात सांगतो. शोर्पारग म्हणजे आपले सोपारे. कांदिवलीहून उत्तरेस लोकलने जाणाऱ्यास वाटेत लागणारे नालासोपारा स्थानक त्याच्याच नावाचे. दमणा, डाहणुका इत्यादी नद्यांवर त्याने विनामूल्य तरी ठेविल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर 'सभा' व 'प्रपा' उभारल्या. 'पाणपोई' या शब्दातील 'पोई' ती ही प्रपाच.

या तीन नावांची पुढे काय गत झाली? 'आवसथ' लोकभाषेतून लोपला. 'प्रतिश्रय'ही गेला, पण त्याच धातूपासून झालेला 'उपाश्रय' जैनांनी जतन केला, आणि कांदिवलीच्या गुजराती वस्तीत तो आजही रोजच्या बोलण्यातला आहे. 'चतुःशाला'तील 'शाला' मराठीत कोठे 'साळ' झाली (टांकसाळ, घोडसाळ), तर कोठे संस्कृत वळणाने 'शाळा' राहिली. वाड्याच्या वर्णनात आपण 'चौसोपी' म्हणतो तेव्हा समासाचा उत्तरावयव पालटलेला असतो, आखणी मात्र तीच असते.

सर्वांत मोलाचा पुरावा 'ओवरी' या शब्दाचा आहे. संस्कृत 'अपवरक' म्हणजे आतली खोली; प्राकृतात तिचे 'ओवरक' झाले. उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने त्याच लेण्यात ओवरक दान दिल्याची नोंद आहे. भिक्षूची कोरीव खोली हा तेथील अर्थ. जेजुरीच्या गडावर देवळाभोवतीच्या तटाला लागून ज्या ओवऱ्या आहेत त्या बांधीव, कमानीच्या व पुढून मोकळ्या. अर्थ पालटला, तरी उतरणाऱ्याची जागा हा धागा तुटला नाही. कान्हेरीच्या लेखांतील पाण्याची 'पोढी' आणि बसावयाची 'आसनपेढिका' याही याच कुळातल्या. पेढिकेची 'पेढी' होऊन ती सराफाकडे गेली, हे तिचे भाग्य!

फारशीतून आलेल्या 'सराई'चा मूळ अर्थ वाडा, महाल. अजिंठ्याजवळ फर्दापूर येथे मोगलकालीन सराई आहे. तेथेही चौकच, पण तटबंदीचा. संरक्षण हा तिचा पहिला हेतू.

आता मूळ भेदाकडे वळू. आपल्या धर्मशाळेत मुदपाकखाना नसे. ओसरी, कोनाडे, विहीर आणि चुलीपुरते तीन दगड एवढ्यावर भागे, कारण शिधा ज्याचा त्याचा आणि स्वयंपाकही ज्याचा त्याचा. जातिभेदाने सहभोजन अशक्य केले होते आणि वास्तूने ते मान्य केले होते. शिवाय उषवदातापासून अहिल्याबाई होळकरांपर्यंत हे घर दान म्हणून उभे राहिले, धंदा म्हणून नव्हे. या दानशीलतेचे आपण कौतुक करतो व ते योग्यच आहे. परंतु इंग्लंडच्या रूढ कायद्याने जागा असताना व पैसे मिळत असताना वाटसरूस परत पाठविण्याची मुभा 'इन'च्या मालकास नव्हती. आपल्याकडे दाराशी आलेल्याला असा हक्क नव्हता. कोणास आत घ्यावे हे दात्याने किंवा रूढीने ठरवावयाचे, आणि अस्पृश्य मानलेल्यास दार बंदच असे.

म्हणूनच 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी आणलेल्या ठरावातील शब्द भाषेच्या अभ्यासकानेही पाहण्याजोगे आहेत. सार्वजनिक पाणवठे व विहिरी यांच्या बरोबरीने 'धर्मशाळा' हा शब्द त्यात आहे, आणि त्याला सार्वजनिक पैशाने बांधलेल्या व चालविलेल्या, अशी मर्यादा घातलेली आहे. खाजगी दानाची वास्तू त्या मर्यादेबाहेर राहिली. पंढरपुरास येणाऱ्या महार वारकऱ्यांस उतरावयास जागा मिळेना, तेव्हा गाडगे महाराजांनी त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाने स्वतंत्र धर्मशाळा बांधली. 1949 मध्ये त्यांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.