काय हवे ते लिहा, बाकी यंत्र पाहील

गुरुपौर्णिमेला अक्कलकोटात स्वामी समर्थांच्या दर्शनाला प्रचंड गर्दी लोटते. समजा, त्या आठवड्यात खोल्या आरक्षित करणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर ताण आला. जुन्या पद्धतीत तंत्रज्ञ एकेका सर्व्हरवर जाऊन आज्ञा देत बसे. आता तो साध्या मजकुराच्या फाइलीत लिहितो: या प्रणालीच्या दहा प्रती चालू हव्यात. मग काळ्या पडद्यावर ‘कुबेक्टल अप्लाय’ ही एक ओळ टाइप करतो.

पुढचे काम कुबरनेटीस या कंटेनर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे. गूगलने ते २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. कंटेनर म्हणजे प्रणाली आणि तिला लागणारे सगळे सामान एकत्र बांधलेले गाठोडे. फाइलीत मागितलेली स्थिती आणि प्रत्यक्ष स्थिती कुबरनेटीस सतत ताडून पाहते. एक प्रत बंद पडली, की रात्री दोन वाजताही दुसरी उभी राहते.

मुळात सर्व्हर आणि नेटवर्क उभे करण्यासाठी टेराफॉर्म हे साधन आहे. त्याची ‘प्लॅन’ ही आज्ञा काय बनेल, काय पुसले जाईल, हे आधीच दाखवते. घाईत होणारे नुकसान टाळणारी ही सोय सर्वांत मोलाची. २०२३ मध्ये त्याचा परवाना बदलला, तेव्हा त्यातूनच ओपनटोफू हा खुला पर्याय निघाला.

पुण्याचाही यात हात आहे. कुबरनेटीसवर चालणाऱ्या ‘फिशन’ या खुल्या प्रकल्पाच्या विकासात तिथल्या इन्फ्राक्लाउड या कंपनीच्या अभियंत्यांनी मोठा वाटा उचलला.

सोलापूर-अक्कलकोटच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच लॅपटॉपवर ‘मिनीक्यूब’ हे छोटे कुबरनेटीस बसवून हे करून पाहावे. ते मोफत आहे.